धान्यातील अदृश्य विष आणि प्रकाशाची चाळण

धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्टही होत नाही. मका, भुईमूग, सुकी मिरची, जायफळ, सुकामेवा अशा अनेक जिनसांमध्ये आढळणारे हे विष दाण्याला धक्का न लावता, निव्वळ प्रकाशाच्या साहाय्याने शोधता येईल काय, या प्रश्नावर गेली दोन दशके जगभरातील प्रयोगशाळांमध्ये संशोधन सुरू आहे. वर्णपटीय प्रतिमांकन किंवा हायपरस्पेक्ट्रल इमेजिंग या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आता प्रयोगशाळेतून धान्याच्या कारखान्यापर्यंत पोहोचू लागले आहे. त्याविषयीच्या अपेक्षा मोठ्या आहेत. मात्र या तंत्राला नेमके काय दिसते, काय दिसत नाही आणि त्याने बाजूला काढलेल्या दाण्यांचे पुढे काय होते, हे प्रश्न भारतासारख्या देशात तितकेच महत्त्वाचे ठरतात.

तुर्की पक्ष्यांपासून बांसवाड्यापर्यंत

या विषांची ओळख जगाला तशी उशिरा झाली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीची एक लाखाहून अधिक पिले अल्पावधीत दगावली. रोगाचे कारण सापडेना, तेव्हा त्याला 'टर्की एक्स' असे नाव देण्यात आले. ब्राझीलहून आयात केलेली भुईमुगाची पेंड त्या पक्ष्यांना खाऊ घालण्यात आली होती आणि त्या पेंडीवर 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' ही बुरशी वाढलेली होती, असे तपासात निष्पन्न झाले. बुरशीच्या या नावावरूनच तिच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. त्याच्या अनेक प्रकारांपैकी बी-१ हा सर्वाधिक घातक मानला जातो. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. ज्यांना 'हिपॅटायटिस बी'चा संसर्ग झालेला आहे, अशा व्यक्तींमध्ये या विषामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

भारतासाठी हा विषय परकीय पक्ष्यांपुरता मर्यादित राहिला नाही. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांमध्ये काविळीची विचित्र साथ उद्भवली. पोटात पाणी होऊन रुग्ण दगावू लागले. ज्या घरांतील मुख्य अन्न मका होते, तीच घरे या आजाराला बळी पडत होती आणि त्या घरांतले उरलेले अन्न खाणारी गावातील कुत्रीही मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वैज्ञानिकांनी या साथीचा माग काढला. कापणीच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसाने मका भिजला होता, तो नीट वाळवता आला नव्हता आणि त्यात अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण प्रचंड वाढले होते. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीस वर्षांनी, २००४ मध्ये, पूर्व केनियात याच घटनेची पुनरावृत्ती झाली. तेथे ३१७ रुग्णांपैकी १२५ जण दगावले. कारण पुन्हा तेच होते : ओलसर मका आणि घरात दुसरे अन्न नसणे.

या दोन्ही घटनांमधील एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. बळी पडलेले लोक बुरसलेला मका अज्ञानाने खात होते, एवढे म्हणून भागत नाही. टाकून देण्यासाठी त्यांच्याकडे दुसरा मका नव्हता. धान्य निवडण्याचे कोणतेही तंत्र, मग ते सूप असो वा अत्याधुनिक कॅमेरा, तपासून पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

एका दाण्याचा प्रश्न

अन्नसुरक्षेच्या भारतीय नियमांनुसार तृणधान्ये आणि डाळींमध्ये एकूण अफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम इतकी आहे. थेट खाण्याच्या सुक्यामेव्यासाठी ती १०, तर मसाल्यांसाठी ३० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघाचे निकष याहून कडक असून थेट खाण्याच्या भुईमुगासाठी ही मर्यादा अवघी ४ मायक्रोग्रॅम आहे. या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडेल. किलोमागे १५ मायक्रोग्रॅम म्हणजे एक हजार टन धान्यात १५ ग्रॅम. दहा टन धान्य भरलेल्या मालमोटारीत हे प्रमाण १५० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरच भरते.

एवढे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. प्रयोगशाळेत नमुना दळून, त्यातील विष द्रावकाने वेगळे करून ते अचूक मोजता येते. खरी अडचण मोजण्यात नसून नमुना घेण्यात आहे. बुरशी धान्यात सारख्या प्रमाणात पसरलेली नसते. हजारो निरोगी दाण्यांमध्ये एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. उदाहरणादाखल, अर्ध्या ग्रॅमचा एक याप्रमाणे किलोभर भुईमुगात सुमारे दोन हजार दाणे येतात, असे धरू. त्यांपैकी एकाच दाण्यात किलोमागे एक लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष असेल, तर त्या एका दाण्यात ५० मायक्रोग्रॅम विष असते आणि उरलेले १,९९९ दाणे पूर्ण शुद्ध असूनही तो संपूर्ण किलो मर्यादेच्या तिपटीहून अधिक दूषित ठरतो. नमुन्यात तो दाणा आला, तर सारा माल नापास होतो आणि निसटला, तर सारा माल पास होतो. एकाच मालाचे दोन ठिकाणचे अहवाल परस्परांशी जुळत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

शिवाय तपासलेला दाणा दळला जातो, तो परत मिळत नाही. मालातील प्रत्येक दाणा अशा रीतीने तपासणे म्हणजे सारा माल नष्ट करणे होय. म्हणूनच दाण्याला हात न लावता, पट्ट्यावरून वाहणाऱ्या प्रत्येक दाण्याची तपासणी करू शकेल अशा तंत्राची गरज संशोधकांना भासू लागली.

उपग्रहाची नजर धान्यावर

वर्णपटीय प्रतिमांकनाचा उगम धान्याच्या व्यवहारात झालेला नाही. ते तंत्र मुळात पृथ्वीच्या निरीक्षणासाठी विकसित झाले. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९८७ मध्ये विमानातून वापरावयाचे 'एव्हिरिस' हे उपकरण कार्यान्वित केले. ते जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची २२४ पट्ट्यांमध्ये विभागणी करून नोंद घेत असे. भारताच्या अंतराळ संशोधन संस्थेने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी 'हायसिस' हा याच प्रकारचा उपग्रह प्रक्षेपित केला. खनिजे, पिके आणि माती यांचा अभ्यास हे त्याचे प्रयोजन होते.

या तंत्राचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. साधा कॅमेरा चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीनच रंगांची नोंद ठेवतो. वर्णपटीय कॅमेरा त्याच बिंदूसाठी शंभर ते अनेक शे तरंगलांबींवरील प्रकाशाची नोंद ठेवतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचाही समावेश असतो. पाणी, पिष्ट, प्रथिने, मेद हे घटक ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. पाण्याची शोषणक्षेत्रे १,४५० आणि १,९४० नॅनोमीटरच्या आसपास असतात, तर मेदाचा ठसा १,२०० नॅनोमीटरच्या आसपास उमटतो. त्यामुळे एका दाण्याच्या चित्रावरून त्याचा आकार आणि रंग यांबरोबरच त्याच्या रासायनिक घडणीचाही अंदाज बांधता येतो.

भारतातील तांदूळ आणि डाळीच्या गिरण्यांना प्रकाशाने धान्य निवडण्याची कल्पना नवी नाही. रंगावरून खडे आणि काळे दाणे उडवून लावणारी यंत्रे अनेक वर्षांपासून वापरात आहेत. बाजारात 'सॉर्टेक्स' म्हणून विकली जाणारी तूरडाळ किंवा तांदूळ याच यंत्रांतून आलेला असतो. ही यंत्रे मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर काम करतात. वर्णपटीय तंत्र त्याच्या पुढची पायरी गाठू पाहते आणि वरून निरोगी दिसणारा, पण आतून बिघडलेला दाणा ओळखण्याचा प्रयत्न करते.

कॅमेऱ्याला विष दिसते काय?

या ठिकाणी एक महत्त्वाचा खुलासा आवश्यक आहे. अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा धान्यातील विष 'पाहतो', असे सर्रास लिहिले जाते. ते काटेकोरपणे खरे नाही. किलोमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातील पदार्थाचा ठसा पाणी, पिष्ट आणि मेद यांच्या ठशांखाली पार झाकला जातो. कॅमेऱ्याला दिसतो तो बुरशीने दाण्यात घडवून आणलेला बदल. बुरशी दाण्यातील पिष्ट आणि मेद खाते, दाणा भुसभुशीत होतो, त्याची प्रकाश परावर्तित करण्याची रीत बदलते. गणिती प्रारूप या बदलांवरून विषाचा अंदाज बांधते. चोराच्या पावलांचे ठसे पाहून चोर आला होता असे म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे. मात्र 'ॲस्परजिलस फ्लेव्हस'चे सर्वच वाण विष तयार करीत नाहीत. म्हणजे ठसे असूनही विष नसणे शक्य आहे, तसेच बाहेरून फारसे ठसे न दिसताही आत विष असणे शक्य आहे.

अतिनील प्रकाशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अफ्लाटॉक्सिन अतिनील किरणांखाली स्वतः चकाकते. त्याच्या प्रकारांच्या नावांतील 'बी' आणि 'जी' ही अक्षरे ब्लू म्हणजे निळ्या आणि ग्रीन म्हणजे हिरव्या चकाकीवरूनच आली आहेत. याशिवाय बुरशी तयार करीत असलेले कोजिक आम्ल आणि जिवंत दाण्यातील विकरे यांच्या संयोगातून एक चमकदार हिरवट-पिवळी चकाकी निर्माण होते. अमेरिकेत मक्याची प्राथमिक तपासणी करण्यासाठी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ही चकाकी पाहण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित आहे. तथापि ही चकाकीदेखील बुरशीची खूण आहे, विषाचे मोजमाप नव्हे. मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मक्याच्या एकेका दाण्याच्या चकाकीचा वर्णपट नोंदवला, तेव्हा दूषित दाण्यांची निळी चकाकी काहीशी मंद आणि अधिक तरंगलांबीकडे सरकलेली असल्याचे त्यांना दिसून आले. उघड्या डोळ्यांना न जाणवणारा हा फरक यंत्राला टिपता येतो.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ दिग्वीर जयस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवलेल्या गव्हावरील बुरशी अवरक्त प्रतिमांवरून ओळखण्याचे प्रयोग केले. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठाने मक्यावरील 'फ्युजेरियम' बुरशीसाठी असेच काम केले. प्रयोगशाळेतील बहुतेक प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. मात्र त्यांतील बऱ्याच प्रयोगांत दाण्यांवर बुरशी मुद्दाम वाढवलेली असते. शेतातून आलेल्या, धुळीने माखलेल्या, निरनिराळ्या वाणांच्या मिश्र धान्यावर तेच निष्कर्ष मिळतील याची हमी त्यातून मिळत नाही. एका हंगामातील एका वाणावर तयार केलेले गणिती प्रारूप दुसऱ्या वाणावर डळमळू शकते.

कारखान्यातील प्रयोग

तरीही व्यवहारात उपयोगी पडेल असे काही हाती लागले आहे. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शेकडो तरंगलांबींऐवजी केवळ दोनच, म्हणजे ७५० आणि १,२०० नॅनोमीटर, निवडून वेगवान यंत्राने पिवळा मका निवडला. त्यातून अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन या दोन्ही विषांचे प्रमाण सुमारे चार-पंचमांशाने घटल्याचे त्यांनी नोंदवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केनियातील बाजारांतून विकत घेतलेल्या मक्यावर नऊ रंगांच्या साध्या एलईडी दिव्यांवर चालणारे यंत्र वापरण्यात आले. तेथेही दोन्ही विषांमध्ये अशीच मोठी घट दिसून आली. स्वित्झर्लंडमधील ब्यूलर कंपनीने २०१८ मध्ये 'लुमोव्हिजन' हे मका निवडणारे यंत्र बाजारात आणले. अतिनील प्रकाशाखालील चकाकी टिपून ते ताशी १५ टनांपर्यंत मका तपासते आणि दूषितता ९० टक्क्यांपर्यंत कमी करते, असा कंपनीचा दावा आहे.

या प्रयोगांतून हाती येणारा धडा असा, की महागडा वर्णपटीय कॅमेरा हा संशोधनाचा टप्पा आहे. शेकडो तरंगलांबींपैकी कोणत्या दोन-चार उपयोगाच्या, हे तो शोधून देतो. त्यानंतर त्या मोजक्या तरंगलांबींवर चालणारे स्वस्त आणि वेगवान यंत्र तयार करता येते. भारतीय गिरणीला परवडेल असे काही हाती लागायचे असेल, तर ते याच मार्गाने लागण्याची शक्यता अधिक आहे.

चुकीची किंमत

अशा यंत्राची अचूकता टक्केवारीत सांगितली जाते, परंतु धान्याच्या बाबतीत ही टक्केवारी फसवी ठरू शकते. एक लाख दाण्यांमध्ये शंभर दाणे दूषित आहेत, अशी कल्पना करू. यंत्र दूषित दाण्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोगी दाण्यांपैकी केवळ पाच टक्क्यांना चुकून दूषित ठरवते, असेही मानू. हे यंत्र ९० दूषित दाणे बाहेर काढील, मात्र त्यांच्याबरोबर ४,९९५ निरोगी दाणेही बाहेर फेकील. म्हणजे बाजूला पडलेल्या प्रत्येक ५६ दाण्यांमागे दूषित दाणा जेमतेम एक असेल आणि मालातील पाच टक्के धान्य व्यापाऱ्याच्या हातून जाईल. यंत्र अधिक सैल ठेवले, तर नुकसान कमी होते, पण विष निसटते.

निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला ही तूट सोसवते, कारण परदेशी बंदरातून परत आलेल्या एका कंटेनरचे नुकसान त्याहून मोठे असते. युरोपीय संघाच्या नियमांत तर निवडीची पायरी गृहीतच धरलेली आहे. पुढे निवडून शुद्ध करावयाच्या भुईमुगासाठी तेथे एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम, तर थेट खाण्याच्या भुईमुगासाठी ४ मायक्रोग्रॅम आहे. दूषित माल चांगल्या मालात मिसळून सरासरी प्रमाण खाली आणण्यास तेथे मनाई आहे. स्थानिक आठवडी बाजारात किंवा आडतीवर माल विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याला विषमुक्त मालासाठी वेगळा भाव मिळत नाही. तेव्हा पाच टक्के धान्य गमावण्याचे त्याला कारणही उरत नाही.

बाजूला काढलेले धान्य कोठे जाते?

या विषयातील सर्वांत कळीचा प्रश्न येथे उभा राहतो. यंत्र विष नष्ट करीत नाही. ते विष एका ढिगातून काढून दुसऱ्या ढिगात एकवटते. पहिला ढीग शुद्ध होतो, त्याच प्रमाणात दुसरा अधिक विषारी होतो. तो दुसरा ढीग जाळला किंवा पुरला जाईल अशी कायदेशीर आणि आर्थिक व्यवस्था नसेल, तर तो कमी भावाने विकला जातो. भारतात अशा मालाला गिऱ्हाईक असते. भुईमुगाचे बुरसलेले दाणे तेलघाण्याकडे जातात आणि गाळलेल्या तेलात विष फारसे उतरत नसले, तरी ते पेंडीत साठून राहते. मक्याचा भरडा आणि पेंड यांवर गाई-म्हशी आणि कोंबड्या पोसल्या जातात.

जनावराच्या पोटात गेलेल्या बी-१ विषाचे यकृतात रूपांतर होऊन त्यातील काही अंश 'एम-१' या रूपात दुधात उतरतो. साधारणतः हे प्रमाण एक ते दोन टक्के असते, जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये ते त्याहून वाढते. दूध तापवल्याने किंवा पाश्चरीकरणाने हे विष जात नाही. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात दुधाचे ६,४३२ नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, एम-१ चे प्रमाण लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तामिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथे हे प्रमाण अधिक होते. भेसळीबद्दल सदैव चर्चा होत असताना प्रत्यक्षात भेसळीपेक्षा हे विषच अधिक नमुन्यांत सापडले, ही बाब त्या वेळी लक्षवेधी ठरली होती. दुधात हे विष पशुखाद्यातून येते आणि पशुखाद्यावर देशात नियंत्रण नाही, असे प्राधिकरणानेच तेव्हा नमूद केले होते. पशुखाद्याने भारतीय मानक ब्यूरोचे निकष पाळावेत, असे निर्देश त्यानंतर देण्यात आले, मात्र त्यांच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलण्यात आली.

हा प्रश्न केवळ विकसनशील देशांचा नाही. २०१२ मध्ये बाल्कन प्रदेशात तीव्र दुष्काळ पडला आणि सर्बियातील मक्यात अफ्लाटॉक्सिन वाढले. २०१३ च्या प्रारंभी तेथील दुधात एम-१ आढळले आणि सर्बियातून गेलेला मका जर्मनीतील पशुखाद्यातही सापडला. सर्बियाच्या सरकारने तेव्हा दुधातील मर्यादा दहा पटींनी शिथिल केली. उष्णता आणि पाण्याचा ताण यांत ही बुरशी फोफावते. त्यामुळे तापमानवाढीबरोबर आजवर सुरक्षित मानले गेलेले प्रदेशही तिच्या कक्षेत येत आहेत.

भारतासाठी वाट कोणती?

वर्णपटीय तंत्राचे स्थान या पार्श्वभूमीवर ठरवावे लागेल. कायदेशीर निर्णयासाठी प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणीला ते पर्याय होऊ शकत नाही. ते चाळणीचे काम करू शकते, न्यायाधीशाचे नाही. चाळणी म्हणून मात्र ते मोलाचे आहे. मक्याची खरेदी करणारे पशुखाद्याचे मोठे कारखाने, भुईमुगाचे निर्यातदार, मसाला उत्पादक यांच्या दारात असे यंत्र बसले, तर एकाच दाण्यामुळे सारा माल नापास होण्याची वेळ टळू शकते. परंतु त्यासाठी प्रारूपे भारतीय वाणांवर, भारतीय हवामानात आणि निरनिराळ्या हंगामांत पारखून घ्यावी लागतील. परदेशी यंत्र आणून सुरू केले, एवढ्याने भागणार नाही.

गावपातळीवर याहून साधी साधने आजही उपलब्ध आहेत. हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये पंधरा मिनिटांत निकाल देणारी आणि दोन डॉलरहून कमी खर्चाची तपासणी पट्टी तयार केली. आफ्रिकेत विष तयार न करणारे बुरशीचे वाण शेतात पसरवून विषारी वाणांना हुसकावून लावण्याची 'अफ्लासेफ' ही पद्धत अनेक देशांत वापरात आली आहे. या सर्वांच्या आधी येते ते वाळवण. कापणीनंतर मका १३ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेपर्यंत त्वरित वाळवला, तर साठवणीतील बुरशीला फारसा वाव राहत नाही. महाराष्ट्रात खरिपाच्या मक्याची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ अनेकदा पडते. खानदेश आणि मराठवाड्यातील हा मका मोठ्या प्रमाणात पशुखाद्याकडे आणि कुक्कुटपालनाकडे जातो. १९७४ मध्ये बांसवाड्यात जे घडले, त्याच्या मुळाशीही काढणीच्या वेळचा पाऊसच होता. गावात सामूहिक वाळवणयंत्र असणे ही कॅमेऱ्याइतकी आकर्षक बातमी होत नाही, परंतु विष तयार झाल्यावर ते शोधण्यापेक्षा ते तयारच होऊ न देणे केव्हाही स्वस्त पडते.

अखेरीस प्रश्न उरतो तो बाजूला काढलेल्या ढिगाचा. नाकारलेल्या मालाची नोंद ठेवणे, तो पुन्हा अन्नसाखळीत येणार नाही याची जबाबदारी निश्चित करणे, इंधन किंवा तत्सम औद्योगिक उपयोगासाठी त्याला किमान दर मिळवून देणे आणि पशुखाद्याचे निकष प्रत्यक्षात लागू करणे, या गोष्टी कोणत्याही यंत्राच्या कक्षेत येत नाहीत. त्या शासनाच्या आणि बाजाराच्या कक्षेत येतात. त्या झाल्या नाहीत, तर प्रकाशाची ही चाळण चांगले दाणे भाव देऊ शकणाऱ्या ग्राहकाकडे पाठवील आणि वाईट दाणे भाव विचारण्याचीही सोय नसलेल्या घरांकडे. पन्नास वर्षांपूर्वीच्या साथीत कोणत्या घरांना ही किंमत मोजावी लागली होती, याची नोंद देशाच्या वैद्यकीय इतिहासात उपलब्ध आहे.